आतल्या खोलीतले पाहुणे

एका लाकडी खोक्याला आमच्या गल्लीने जवळजवळ महिनाभर जेवू घातलं, आणि ते सगळं जेवण मी जेवलो.

हे लढाईच्या दिवसांतलं. आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, सरकार नागपुरात, आणि मी मोताळ्यात शाळामास्तर. सरकारला माझी आठवण पगाराच्या दिवशीही उशिराच यायची. माझी बायको सुशीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी लोणारला गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही रीत. पण मागे राहिलेल्या नवऱ्याचं काय करायचं, याची रीत कोणी घालून ठेवलेली नाही! जाताना तिने मला खिचडी शिकवली. जळकी खिचडी मी स्वतःच्या हुशारीने शिकलो.

घर खायला उठतं असं लोक म्हणतात. माझं घर तर मी दार उघडण्याचीच वाट पाहत असायचं. शाळेत दिवसभर पोरांवर ओरडायचो आणि घरी आलो की एक शब्द बोलायला माणूस नाही. सुरुवातीला मी मांजराशी बोलायचो. मग माझी खिचडी चाखून मांजरही गेलं. सगळ्यात वाईट वेळ सकाळची. सुशीला असताना "अहो, उठा, ऊन पायाशी आलं," असं दहादा म्हणायची आणि मी दहादा कूस बदलायचो. आता ऊन पायाशी यायचं, पोटावर यायचं, डोळ्यांत शिरायचं, आणि कोणी काही म्हणायचं नाही. कशासाठी उठायचं, हेच कळत नसे. एकदा तर शाळेत पोचलो तेव्हा माझ्या वर्गातली पोरं मधल्या सुट्टीची भाकर खाऊन हात धूत होती.

लग्नात आलेलं गजराचं घड्याळ होतं. ते उशाशी ठेवून पाहिलं. पण त्याची घंटा थेट शाळेच्या घंटेसारखी! दचकून उठायचो आणि अंथरुणातच छडी शोधायचो. दिवसाची सुरुवात अशी व्हावी असं कोणत्याही मास्तराला वाटणार नाही. मला घंटा नको होती, माणसाचा आवाज हवा होता.

तेवढ्यात मलकापूरचे एक स्टेशनबाबू बदलून चालले होते आणि त्यांना त्यांचा बॅटरीवरचा रेडिओ काढून टाकायचा होता. मी तो गोधडीत गुंडाळून सर्व्हिस मोटारीने मोताळ्याला आणला. पोस्टातलं रेडिओचं लायसन हातात पडेपर्यंत गवगवा नको, म्हणून आतल्या खोलीत, खाटेच्या उशाशी मांडला. मोताळ्यात तोवर रेडिओ एकच, कापसाच्या जिनिंगच्या मालकाकडे, आणि तोही माडीवर. गल्लीत कोणी रेडिओ डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

रेडिओ मांडणं म्हणजे एक एरियलची तार आकाशात आणि एक अर्थिंगची तार पाताळात. पाताळातली मी न्हाणीजवळ पुरली आणि तिच्यावर रोज तांब्याभर पाणी ओतू लागलो. आकाशातली परसातल्या दोन बांबूंवर ताणली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गंगाकाकूंनी तिच्यावर लुगडं वाळत घातलं.

"दोरी चांगली बांधली हो मास्तर!" काकू म्हणाल्या. "बाईमानूस घरात नाही, तं तुमाले काय लागते एवढी? म्या वापरतो."

काकूंचं लुगडं ओलं असेपर्यंत मुंबई गप्प बसायची. लुगडं वाळलं की मुंबई परत यायची.

मग मी माझं यंत्र बनवलं. (आज उशाशी ठेवायचा घड्याळवाला रेडिओ दुकानात मिळतो आणि लोक तो परदेशातून आला असं सांगतात. तो मोताळ्यात तयार झाला, एवढंच नोंदवून ठेवतो.) गजर वाजताना घड्याळाच्या पाठीवरची गजराची किल्ली उलटी फिरते. तिला मी सुतळी बांधली आणि सुतळीचं दुसरं टोक रेडिओच्या बटणाला. घंटेवर आपटणारी हातोडी काढून टाकली. साडेसात वाजले की किल्ली घर्र फिरायची, सुतळी ओढली जायची, बटण वळायचं आणि माझ्या उशाशी एक भारदस्त पुरुष बातम्या सांगू लागायचा. त्याच्यामागून एक बाई भजन म्हणायची.

पहिल्या सकाळी तो आवाज ऐकला आणि मी खाटेवर उठून बसलो. चक्क "नमस्कार" म्हणालो. घरात कोणीतरी बोलतंय, या आनंदात मी त्या दिवशी दाढीही केली.

आता आमच्या घराची रचना सांगितली पाहिजे. आमच्या आणि गंगाकाकूंच्या घरामधली भिंत माणसाच्या डोक्यावर थोडी जाऊन थकली होती. तिथून आढ्यापर्यंत सगळं मोकळं. इकडचा खोकला तिकडे आणि तिकडची फोडणी इकडे. त्यामुळे तासाभरात काकू दारात हजर. हातात ताट, ताटावर पदर.

"पाव्हने आले वाटते?" काकू हळूच म्हणाल्या. "आवाज आयकला म्या. तुमी एकटे, घरात बाई नाही, पाव्हन्याले काय खिचडी चारान? घ्या. कयन्याची भाकर अन् भरीत हाय."

मी सांगणारच होतो. शपथेवर सांगतो, "काकू, तो रेडिओ आहे," हे वाक्य माझ्या जिभेवर येतच होतं. पण तेवढ्यात काकूंनी पदर बाजूला केला आणि भरताचा वास जिभेवर त्याच्या आधी पोचला. वरून काकू उंबऱ्यावर बसल्या, म्हणाल्या, "सुशीची खबर काय?" आणि त्यानंतर बराच वेळ बोलत राहिल्या. त्यांच्या म्हशीचं, नामदेवरावांच्या (म्हणजे त्यांच्या यजमानांच्या) गुडघ्याचं, सरकीच्या ढेपीचं. कितीतरी दिवसांनी कोणी माझ्या दारात बसून बोलत होतं. खोकं आहे म्हटलं असतं तर ताटही गेलं असतं आणि काकूही उठल्या असत्या. भरताचं एक वेळ सोडून दिलं असतं हो, पण काकू उठून गेलेल्या मला नको होत्या.

"कुठचे पाव्हने?"

"लांबचे आहेत," मी म्हणालो. यात खोटं काहीच नव्हतं. मुंबई लांबच आहे.

आमच्याकडची रीत अशी, की पाहुणा एका घरी उतरला तरी तो गल्लीचा असतो. त्यातून घरात बाई नसेल तर गल्लीने ताटं पाठवायची, नाहीतर गल्लीचं नाक कापलं जातं. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरून कढी आणि वरणबट्टी आली. तिसऱ्या दिवशी शेवयांची खीर. पाहुणे एवढं जेवतात याचं कौतुक होऊ लागलं. "भजन म्हनते थे बाई थकत असन," म्हणून काकूंनी घशासाठी सुंठ आणि गूळ पाठवला. तोही मीच खाल्ला. माझा आवाज फार सुधारला.

पण पाहुणे बाहेर का पडत नाहीत, हा प्रश्न गल्लीला छळू लागला. एका सकाळी काकूंनी पुरणपोळ्यांचं ताट ठेवलं, मी पहिला घास तोंडात कोंबला आणि नेमक्या त्याच वेळी त्यांनी आवाज खाली आणला.

"मास्तर, एक इचारू? सुशी सांगे, तिच्या थोरल्या काकाचा आवाज लय भारी हाय म्हनून. थे मेहकरचे. तिच्या बापासंगं बोलत नाहीत. थेच तं नाहीत न हे?"

हे प्रकरण मला ठाऊक होतं. माझे सासरे अण्णा आणि त्यांचे थोरले बंधू यांचं एका पोळ्याला वाजलं होतं. तोरणाखालून कोणाची बैलजोडी आधी जावी, एवढ्यावरून. बैल कधीच म्हातारे होऊन गेले, पण बोलणं बंदच. थोरले लोणार सोडून मेहकरला जाऊन राहिले. त्यांची आई वारली तेव्हाही दोघे भाऊ दोन टोकांना उभे होते, असं सुशीला सांगायची आणि रडायची.

मी "नाही नाही" म्हणायला तोंड उघडणार, तर तोंडात अख्खी पुरणपोळी! पुरण टाळ्याला चिकटलेलं, वर तूप. मी मान आडवी हलवू लागलो, तोच ठसका लागला आणि आडवी मान उभी झाली. हो, हो, हो, अशी तीनदा!

"म्या वयखलंच होतं," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "लाजेपायी बाहीर येत नसन बिचारे. बोलू नका मास्तर, म्या कोनाले सांगत नाही."

काकूंनी कोणालाच सांगितलं नाही. फक्त सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर असलेल्या आपल्या भावाला सांगितलं, आणि त्याची मोटार बुलढाण्यावरून लोणारपर्यंत जायची.

त्या सकाळी मी इतका गडबडलो, की रोजचं एक काम राहून गेलं. रेडिओ बंद करताना सुतळी सोडवून गजराला पुन्हा किल्ली देऊन ठेवायची आणि गजराची कळ दाबायची, अशी माझी शिस्त होती. कळ यासाठी, की घड्याळाला सकाळचे साडेसात आणि संध्याकाळचे साडेसात यांतला फरक कळत नाही. किल्ली दिली, सुतळी बांधली, पण कळ दाबायची विसरलो. तशी ती पुढेही आठवडाभर विसरतच होतो, कारण संध्याकाळी मी नळगंगेच्या काठी फिरायला जायचो, आणि माझ्यामागे पाहुणे संध्याकाळीही बोलतात, हे मला कोणी सांगितलंच नाही. (परत आल्यावर रेडिओ चालू दिसायचा. सकाळी आपणच बंद केला नसेल, असं समजून मी कान धरायचो, तो बंद करायचो आणि पुन्हा किल्ली देऊन सुतळी बांधायचो. बॅटरी का उतरतेय, याचं मात्र फार नवल वाटायचं.)

एका संध्याकाळी फिरून परतलो तर माझ्या ओसरीवर गल्ली जमलेली. बायांच्या डोळ्यांना पदर. मला वाटलं, लोणारहून काही वाईट खबर आली. लोकांना बाजूला सारून आत शिरलो, तर माझे सासरे अण्णा आतल्या खोलीच्या बंद दारासमोर उभे होते. काखेत नवं धोतर, त्यावर टोपी आणि नारळ.

त्या दाराची गंमत अशी, की ते फुगलेलं होतं. खालून लाथ आणि वरून खांदा एकदम दिल्याशिवाय उघडत नसे. अण्णांना वाटत होतं, भाऊ आतून दार धरून बसलाय.

"दादा," अण्णा दाराला सांगत होते, "मी आलो ना रे. दार उघड. पोळ्याले तुयीच जोडी पह्यले ने. दरसाल ने. मले काय करायचं हाय त्या मानाचं? माय गेली तवा तुयाजवळ यावं वाटलं होतं मले. पाय उचलला नाही. आता आलो. काही बोल तरी. शिव्या दे. पन बोल, दादा."

सगळी ओसरी हुंदके देत होती. माझी जीभ टाळ्याला चिकटली, आणि या वेळी तोंडात पुरणही नव्हतं! "मामाजी," एवढं म्हटलं, पण अण्णांनी हात वर करून मला गप्प केलं. कारण आत काहीतरी घर्र वाजलं होतं.

"उठला!" काकू पुटपुटल्या.

आणि आतून तो भारदस्त आवाज आला. शांत, स्पष्ट, कुठल्याही रागाशिवाय. "कापूस. बाजार नरम. भावात घसरण."

अण्णांनी कपाळ दाराला टेकवलं होतं, ते वर उचललं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा दाराकडे पाहिलं.

"इतक्या वर्सानं तोंड उघडलं," ते म्हणाले, "अन् कापसाचा भाव सांगते?"

"सरकी. उठाव नाही," आतून आवाज आला.

"मामाजी, ते काका नाहीत. तो रेडिओ आहे."

"रेडिओ? मंग दादा कुठी हाय?"

"मेहकरलाच असतील."

मी लाथ आणि खांदा दिला. दार उघडलं. खाट, खोकं, घड्याळ, सुतळी. मी आधी बटण फिरवून आवाज बंद केला. गल्ली एकदम आत घुसली. काकूंनी खाटेखाली पाहिलं, गोधडी झटकली, आणि मग कंबरेवर हात ठेवून रेडिओसमोर उभ्या राहिल्या.

"म्हंजे या डबड्याले म्या पुरनपोया चारल्या?"

"हाव काकू."

"अन् सुंठ-गूळ? थे भजनवाली?"

"तीही यातलीच."

"मंग खाल्लं कोनं?"

सगळी गल्ली माझ्या पोटाकडे पाहू लागली. महिनाभरात ते चांगलं दिसण्याजोगं झालं होतं.

लोक हसत, चिडत निघून गेले. हसले नाहीत ते एकटे अण्णा. ते खाटेवर बसून मांडीवरच्या धोतराची घडी नीट करत होते, आणि ती आधीच नीट होती. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. एकटेपणा फक्त माझ्याच घरी उतरलाय, असं मी समजत होतो. हा माणूस तर माझ्या कितीतरी आधीपासून त्याला सांभाळत होता.

"मले भाव पुरा आयकू दे," अण्णा शेवटी म्हणाले. "बंद काऊन केला बे?"

दुसऱ्या दिवशी ते सगळ्या गल्लीचा निरोप घेऊन मोटार-अड्ड्यावर गेले. मोटार वाटेत बंद पडली होती. दुपारी ते परसदाराने परत आले, आणि ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. मी खिचडी टाकली. अण्णांनी एक घास घेतला आणि भिंतीवरून हाक मारली.

"ओ वैनी! एक भाकर द्या हो! हा जवाई मले मारून टाकते!"

"चूप बे डबड्या!" पलीकडून काकू कडाडल्या. "एक डाव फसलो म्या! आता भाकरी मांगाले लागलं काय?"

"वैनी, मी हावो! लोनारचा!"

"कालच्याला मेहकरचा होता, आज लोनारचा झाला! अहो, आयकलं काय, नाटक लागलं हाय वाटते!"

नामदेवराव गुडघा धरत भिंतीपाशी येऊन बसले. अण्णांनी संतापून माझ्या खिचडीबद्दल, माझ्या आळसाबद्दल आणि लेक दिल्याच्या पश्चात्तापाबद्दल जे जे सांगितलं, ते ते त्यांनी मन लावून ऐकलं. "जवायाचं काम करनारा कोन हाय? बोलतच नाही!" एवढीच त्यांची तक्रार होती. अण्णांनी ताटातली खिचडी मुकाट्याने संपवली. मग त्यांना हसू फुटलं, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत थांबेना.

त्यानंतरच्या मोटारीने ते गेले. लोणारचं तिकीट काढायला मी पुढे झालो, तर म्हणाले, "मेहकरचं काढ. मनातलं सारं दाराले सांगून झालं. आता दादाले सांगाले काय जाते?" धोतर आणि टोपी त्यांनी पुन्हा काखेत घेतली. नारळ मात्र माझ्याकडे दिला. म्हणाले, "घरात काही तरी खान्यासारखं असू दे."

(थोरल्या काकांनी दार उघडलं. पुढे बारशाला दोघे भाऊ एका पंगतीला बसले होते.)

मी मोटार दिसेनाशी होईपर्यंत अड्ड्यावर उभा राहिलो. घरी आलो. ताटं बंद झाली होती, उंबऱ्यावर कोणी बसत नव्हतं. काकू परसात भेटल्या तरी माझ्या तारेवर लुगडं टाकून मान वळवून जायच्या. रात्री मी गजराला किल्ली दिली, सुतळी बांधली. सकाळी किल्ली घर्र फिरली, बटण वळलं, आणि काहीच आलं नाही. बॅटरी संपली होती. बातम्यावाले नाहीत, भजनवाली नाही. ऊन पायाशी आलं. मी छताकडे पाहत पडून राहिलो. घरात कोणाचा तरी आवाज यावा म्हणून शेवटी मीच बोललो. "अहो, उठा," असं म्हटलं. मग जरा मोठ्याने म्हटलं, "सुशीला, कधी येशील गं? घर खायला उठलंय." आणि मग अगदीच राहवेना, म्हणून भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "काकू, कोणी बोला ना हो माझ्याशी!"

"मास्तर!" भिंतीवरून गंगाकाकूंचा आवाज आला. किती दिवसांनी! "बंद करा थे डबडं पह्यले! काय रडगानं लावून राह्यले सकायी सकायी!"

मी ताबडतोब बंद झालो.